लॉर्ड मॅक्डोनाल्डची रील : "आमच्याकडे अशी नाही वाजवत"

चौथी_तार (धागाकर्ता)

मंडळी, हा प्रश्न कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून संगीतात टाकतोय. शास्त्रीयवाल्यांनी हाकललं तर गुपचूप गप्पांच्या पानावर जाईन.

मी मूळचा मिरजेचा. लहानपणी सहा वर्षं व्हायोलिन शिकलो, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याजवळ टेकवून. मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, मग इंजिनिअरिंगनं गिळलं. आता चार वर्षं आयर्लंडमध्ये गॅलवेला आहे, हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. इथे पबात एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वाजवणारे जमतात, त्याला 'सेशन' म्हणतात. स्टेज नाही, माइक नाही, समोर नोटेशन तर अजिबात नाही. कोणीतरी चाल सुरू करतं, ज्यांना येते ते मिसळतात, बाकीचे ग्लास उचलतात.

दीड वर्ष मी नुसता ऐकत बसलो. मग धीर करून एक रील (म्हणजे तिकडची नाचाची चाल, मोबाइलवरची नव्हे) बसवली, 'लॉर्ड मॅक्डोनाल्ड'. नेटवरून नोटेशन उतरवलं, महिनाभर बाथरूममध्ये घोटली. (शेजारी सहनशील आहेत.) गेल्या मंगळवारी सुरू केली. पहिल्या आवर्तनात सगळे आले. दुसऱ्या भागात एकेक जण गळायला लागला. तिसऱ्यांदा मी एकटाच. शेवटी कोपऱ्यातल्या आजीबाई, सत्तरीच्या पुढच्या, फिडल (इथे व्हायोलिनला हेच म्हणतात) मांडीवर ठेवून म्हणाल्या, "छान आहे रे तुझी, पण आमच्याकडे अशी नाही वाजवत." आणि त्यांनी त्यांची वाजवून दाखवली. तोंडवळा तोच, पण दुसऱ्या भागाचं वळण वेगळं आणि शेवट भलतीकडेच.

घरी येऊन शोधलं तर त्याच नावाखाली सतरा पाठ. काहींत दोन भाग, काहींत त्याहून जास्त. मग मूळ कुठलं? आणि ही मंडळी जे बदल करतात ते आपल्या उपजेसारखे की पाठभेदासारखे? कोणी जाणकार?

खवचट_खारूताई

पबात मांडी घालून बसलास का? तिथेच गडबड झाली असेल.

चौथी_तार

खुर्चीत बसलो हो ताई. हनुवटीखाली धरायला शिकलोय आता, मान मात्र रोज शिव्या घालते.

कोमल_निषाद

प्रश्न आवडला. "आमच्याकडे अशी नाही" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय! यमनातली एक साधी बंदिश ग्वाल्हेरवाल्यांकडे गेले तर अंतरा एका जागी उचलतात, आग्र्याकडे गेले तर दुसऱ्या. शब्दांतही फरक. माझ्या गुरुजींना विचारलं की बरोबर कुठली, तर म्हणायचे, "जी माझ्यासमोर गाशील ती."

पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. पिढ्यांमधून उतरताना बंदिशीला पडलेली वळणं एक, आणि गाणारा त्या क्षणी काढतो ती जागा दुसरी. पहिली माणसागणिक नव्हे, घराण्यागणिक बदलते. दुसरी दर खेपेला. तुमच्या आजीबाई यातलं कुठलं बोलल्या?

आधी एवढं सांगा: या रीलमध्ये बांधलेलं काय आणि मोकळं काय?

चौथी_तार

ताई, मला कळलंय तेवढं सांगतो.

रील म्हणजे नाचाची चाल. आठ बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) एक भाग, तो दोनदा. मग आठ बारांचा दुसरा, तोही दोनदा. झाले बत्तीस बार. की परत पहिल्यापासून. दोन-तीन आवर्तनं झाली की न थांबता दुसऱ्या रीलमध्ये उडी. आलाप नाही, ताना नाही, सम दाखवणं नाही. आवर्तनाची लांबी ठाम, कारण नाचणाऱ्याचे पाय तेवढ्यातच बसवलेले.

मोकळं आहे ते आतलं. समजा एका जागी सा तीन छोट्या मात्रा धरायचाय. कोणी तो सरळ धरेल. कोणी तिथे रोल घालेल: सा, वरचा स्वर नुसता चाटून, सा, खालचा चाटून, सा. कोणी गजाचे तीन झटके देऊन तोच सा तीनदा मारेल. कोणी सा-रे-सा करेल, कोणी खालच्या पंचमाला हात लावून येईल. लांबून चाल तीच. जवळून प्रत्येक बार निराळा.

बारा_मात्रा

हा तर सरळ सरळ केहरवा आहे. आठ मात्रा, दुगुनीत. उगाच परदेशी नावं.

शॅनन_किनारा

केहरवा धरून एकदा वाजवून बघा दादा, पहिल्याच आवर्तनात नाचणारे थांबतील. :)

मी आयर्लंडातच, क्लेअर परगण्यात एनिसला पंधरा वर्षं राहते. लेक सहा वर्षांची असल्यापासून कॉल्टसच्या वर्गाला जाते. (कॉल्टस म्हणजे कॉल्टस क्योल्तोरी एरन, 1951 सालची संस्था. गावोगाव वर्ग चालवते, दर वर्षी फ्लाह नावाची मोठी स्पर्धा-जत्रा भरवते.) मोजायला बारमध्ये आठ आघात आहेत हे खरं. पण चाल चालते ती गजावर. आपण जिथे भर धरू तिथे गज बदलत नाही, तो भराच्या आधीच्या बारीक स्वरावर बदलतो आणि भर ओलांडून पुढे ओढला जातो. त्यामुळे आठ सारखे आघात कागदावर दिसतात, कानाला झोका लागतो. हे तबल्यावर काढून दाखवा, मी एनिसहून पार्सलनं बटाटेवडे पाठवते.

बारा_मात्रा

वड्यांसाठी प्रयत्न करतो. शब्द मागे.

डोंगरवाट

अरे वा, या विषयावर मराठीत धागा! मी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात राहतो, बायकोच्या भाषेत 'त्या बँजोच्या नादाला लागलेला'. तुमची लॉर्ड मॅक्डोनाल्ड आमच्याकडे रोज वाजते. फक्त तिचं नाव 'लेदर ब्रिचेस'. चामड्याची विजार! जोडीला दोन ओळींचं गाणं आहे, विजार शिवणींनी भरलेली आणि आईनं बटणं लावून दिलेली, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाकडे (लायब्ररी ऑफ काँग्रेस) ध्वनिमुद्रणं आहेत, त्यात मिसिसिपीतल्या डब्ल्यू. ई. क्लॉन्च या फिडलवाल्याची 1939 ची 'लेदर ब्रिचेस' मिळाली तर ऐका. आयरिश कानाला ओबडधोबड वाटेल. रोल वगैरे काही नाही. त्याच्या बदल्यात गज दोन तारांवर एकदम घासत ठेवलेला, एक तार चालीची, शेजारची नुसती गुणगुणणारी. बदल सगळे गजाच्या फिरकीत.

धागाकर्त्याला एक गंमत सांगतो. इकडे काही चालींसाठी व्हायोलिन नेहमीच्या सुरांत न लावता क्रॉस ट्यूनिंग करतात. ए-ई-ए-ई. खालच्या ए ला सा म्हणा. काय झालं?

चौथी_तार

सा-प-सा-प!! अहो हे तर आमच्या सरांचं लावणं.

डोंगरवाट

तेच. पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर खुंट्या पिळून तसं लावलं तेव्हा मला गहिवरून आलं होतं. 'लेदर ब्रिचेस' बहुतेक जण साध्या ट्यूनिंगमध्येच वाजवतात हे खरं, पण 'सॅली गुडन' ऐका. एक रॉबर्टसन नावाच्या टेक्सासच्या फिडलवाल्यानं ती 1922 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन व्हिक्टर कंपनीसाठी मुद्रित केली. एकटा फिडल, साथीला कोणी नाही. दोन भागांची साधी चाल, आणि तिच्यावर हा माणूस डझनभर बदल एकामागून एक काढतो. कोमल_निषाद ताई, त्याला उपज म्हणायला तुम्हीसुद्धा हरकत घेणार नाही. ('एक' हे त्याचं नाव आहे, आकडा नव्हे.)

जुनी_पानं

इतिहासाचा थोडा भाग माझ्याकडून. 'मूळ कुठलं' याचं उत्तर स्कॉटलंडकडे जातं.

अठराव्या शतकात तिकडे रीलचं पीकच आलं होतं. पर्थशरमधल्या इन्व्हर गावचा नील गाऊ (1727–1807) हा त्यातला सगळ्यात गाजलेला फिडलवाला. सरदार-जमीनदारांच्या नाचात वाजवायचा, चित्रकार रेबर्ननं त्याचं व्यक्तिचित्र केलंय, गुडघ्यापर्यंतची चौकटीची विजार घालून बसलेला. या काळातल्या रीलांची नावं बघा: लॉर्ड अमुक, लेडी तमुक, मिस ढमुक. चाल त्या व्यक्तीनं केलेली असेलच असं नाही. आश्रयदात्याचं नाव दिलं की छापायच्या वहीला वर्गणीदार मिळत. नावं बदलूनही चाली छापल्या जात. गाऊ मंडळींनी विल्यम मार्शल या दुसऱ्या फिडलवाल्याच्या चाली स्वतःच्या करून टाकल्याची कुरबूर तेव्हापासून आहे.

लॉर्ड मॅक्डोनाल्डच्या बाबतीत मात्र मजा अशी की हा लॉर्ड स्वतः फिडल वाजवायचा, आणि रील त्याचीच असं परंपरा मानते. सर अलेक्झांडर मॅक्डोनाल्ड, स्काय बेटावरच्या स्लीटचा जमीनदार. 1776 मध्ये लॉर्ड झाला. पण साहित्यात तो वेगळ्याच कारणानं अजरामर झाला. 1773 मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉस्वेल हेब्रिडीज बेटांच्या सफरीवर असताना त्याच्याकडे आर्माडेलला उतरले, आणि पाहुणचारातली कंजुषी पाहून दोघे असे वैतागले की बॉस्वेलनं ती पुढे छापून टाकली.

त्याच आर्माडेलला बॉस्वेलनं एक नाच पाहिला, तो माझ्या डोक्यातून जात नाही. एक जोडी फिरायला लागते, ती दुसरीला फिरवते, दुसरी तिसरीला, असं करत सगळी खोली गरगरायला लागते. नाचाचं नाव होतं 'अमेरिका'. देशांतराची लागण कशी पसरते ते दाखवणारा नाच! कारण याच जमीनदारानं खंड (जमिनीचं भाडं) वाढवले होते आणि स्कायची कुटुंबंच्या कुटुंबं बोटींत बसत होती. कुठे जायला? मोठा लोंढा नॉर्थ कॅरोलायनाला. परागंदा राजपुत्र चार्ल्सला निसटायला मदत करणारी फ्लोरा मॅक्डोनाल्डसुद्धा 1774 मध्ये तिथेच गेली.

डोंगरवाट

बापरे. म्हणजे खंडापायी घर सोडलेल्यांच्या मुलखात लॉर्डची चाल वाजतेय, आणि लॉर्डचं नाव गळून पडलंय.

जुनी_पानं

चाल बोटीतून उतरली. लॉर्ड काही उतरला नाही.

खवचट_खारूताई

उतरला असता तर त्याच्याकडूनही भाडं घेतलं असतं. विजार बरी.

शॅनन_किनारा

आयर्लंडच्या बाजूचं मी लिहिते. धागाकर्त्याच्या आजीबाईंचं 'आमच्याकडे' समजायला हे लागेल.

आधी प्रत्येक परगण्याची बोली वेगळी होती, फिडलचीसुद्धा. डोनेगलमध्ये गज तुटक, प्रत्येक स्वराला वेगळा, झटक्यांची तिकड जास्त, आणि चालींत स्कॉटलंडची ये-जा भरपूर, कारण तिथले मजूर हंगामाला तिकडेच जात. जॉन डोहर्टीसारखा फिरता कल्हईवाला घरोघरी वाजवत हिंडायचा. स्लायगोत गज लांब, एका ओढीत तीन-चार स्वर, रोलांची झालर. आमच्या क्लेअरमध्ये जरा सावकाश. कॉर्क-केरीच्या सीमेवर स्लिएव्ह लुआख्राला रीलपेक्षा पोल्का (नाचाचीच दुसरी एक चाल) जास्त. तिथला पॉद्रिग ओकीफ (1887–1963) शाळामास्तर, नोकरी गेल्यावर डोंगर पायी तुडवत फिडल शिकवत फिरला. शिष्यांना पाच रेघांचं नोटेशन येत नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची लिपी काढली: चार मोकळ्या जागा म्हणजे चार तारा, त्यांत बोटांचे आकडे. भातखंडे वाचलेल्यांना हा माणूस नक्की आवडेल.

मग ग्रामोफोन आला. मायकल कोलमन, जन्म 1891, स्लायगोतलं किलाव्हिल. 1914 मध्ये न्यूयॉर्कला गेला. 1921 पासून 1936 पर्यंत त्याच्या तबकड्या निघत राहिल्या. त्या आयर्लंडला आईबापांकडे पोस्टानं आल्या, आणि ज्या गावात स्वतःची लॉर्ड मॅक्डोनाल्ड होती तिथल्या पोरांना अचानक वाटलं की खरी ती ही, तबकडीतली. कारण त्यानंही ती मुद्रित केलीय, 'बॅलिनस्लो फेअर'ला जोडून. (सोबतचा पियानो मात्र ऐकू नका. त्याच्या साथीदारांबद्दलची तक्रार आजही संपलेली नाही.)

गंमत अशी की कोलमन स्वतः बदलांचा राजा. पहिल्या फेरीत एक, दुसरीत दुसरं. पण तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची. त्या दिवशी, त्या तीन मिनिटांत जे निघालं तेच शिक्का होऊन बसलं. 1934 मध्ये त्यानं 'टारबोल्टन', 'लाँगफर्ड कलेक्टर', 'सेलर्स बॉनेट' अशा तीन रीली सलग वाजवल्या. आज कुठल्याही पबात पहिली सुरू करा, पुढच्या दोन त्याच क्रमानं येतात. न सांगता.

कोमल_निषाद

हे आपल्याकडेही झालं. तीन मिनिटांच्या तबकडीत बसवलेला राग ऐकून माझ्या आईच्या पिढीला वाटे की ती तान त्या जागीच असते. मैफलीत बुवांनी ती घेतली नाही तर लोक नाराज!

एक शंका. तुम्ही दोघं ज्याला रोल म्हणताय ती मुरकीच ना?

चौथी_तार

मलाही तेच वाटलं होतं, आणि म्हणूनच माझं चुकत होतं. मी मुरकीसारखं गायचो, वरचा रे नीट लावून. शेजारचा बासरीवाला म्हणाला, "तू वरचा स्वर वाजवतोयस. तो वाजवायचा नसतो." रोलमधला वरचा-खालचा स्वर सुरासाठी नसतो. बोट तारेला नुसतं शिवतं, सूर फुटायच्या आत उठतं. ऐकू येतो तो 'टक्'. एका सा चे तीन सा होतात, मध्ये दोन टिचक्या. आपली मुरकी गोड करते, हा रोल चालीला टाच मारतो.

कोमल_निषाद

म्हणजे गळ्याचं काम नव्हे, हे हाताच्या चापटीचं काम. समजलं. मग तुमच्या मिरजेच्या सरांनी शिकवलेली, स्वरावरून स्वरावर घसरणारी मींड तिथे काय करते?

चौथी_तार

ती तर गुन्हाच समजतात. मी एकदा जोरात घसीट घेतली, बाजूच्या पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिच्या चहात मीठ टाकलं. (हळू चालींत चालते, रीलमध्ये नाही.)

तंजावरी

नमस्कार. मी तंजावरची, घरी बोलायची मराठी आहे पण तुम्हाला जरा जुनी वाटेल, सांभाळून घ्या. धागा वाचताना राहवेना.

तुमची ही लॉर्डची रील संस्कृतमध्येही आहे.

कर्नाटक संगीतातले मोठे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या नोट्टुस्वर रचना म्हणून चाळीसच्या आसपास छोट्या कृती आहेत. कुटुंब मद्रासजवळ मणलीला होतं तेव्हा सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या कंपनीच्या बँडचे सूर दोघा भावांच्या कानावर पडायचे. धाकटा बालुस्वामी तिथल्या एका युरोपियनाकडून व्हायोलिन शिकला आणि कर्नाटक संगीतात ते वाद्य रुजवणाऱ्यांपैकी एक झाला. थोरल्यानं त्या परक्या चालींवर देवांची स्तोत्रं बांधली, सगळी शंकराभरणात. म्हणजे तुमच्या बिलावलच्या स्वरांत. 'वंदे मीनाक्षी' म्हणजे 'रेक्स ऑफ मॅलो', कॉर्कमधल्या मॅलो गावच्या उडाणटप्पूंची चाल. 'संततं पाहि माम्' म्हणजे इंग्लंडच्या राजाचं गीत. आणि 'जगदीश गुरुगुह' या रचनेसमोर याद्यांत लिहिलेलं सापडतं: लॉर्ड मॅक्डोनाल्ड्स रील.

आमच्या गावाचाही हात आहे यात. सरफोजी राजांच्या (1798–1832) दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि राजांना तिकडच्या संगीताची हौस होती. भोसल्यांच्या वाड्यात, कावेरीकाठी! शाळेत आम्ही नोट्टुस्वर म्हणायचो तेव्हा बाईंनी सांगितलं नव्हतं की यावर कोणी नाचत असे.

चौथी_तार

ताई, तुम्ही माझा आठवडा सार्थकी लावलात. आता ऐकलं. ठाय लयीत, ठासून, प्रत्येक स्वराला अक्षर. गजाचा झोका पूर्ण गेलेला. तरीही सांगाडा कुठेतरी ओळखीचा वाटला, की नाव वाचून मी ओळख काढतोय?

जुनी_पानं

'लॉर्ड मॅक्डोनाल्ड' या नावानं एकाहून जास्त चाली फिरतात, हे ध्यानात ठेवा. नाव जुळलं म्हणून चाल जुळेलच असं नाही. आणि 'लेदर ब्रिचेस'सारखं, नाव न जुळताही चाल जुळते.

मडगांवकर

आमच्याकडे गोव्यात मांडोला (संथ नाचगाण्याला) व्हायोलिन आणि घुमट. आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेले, कागद बघून वाजवायचे. पण मांडो संपून दुलपदं (त्यामागून येणारी जलद गाणी) सुरू झाली की कागद पालथा. ते म्हणत, मांडो वाचायचा, दुलपद वाजवायचं. बाकी चालू द्या, वाचतोय.

डोंगरवाट

आता भांडणाचं बोलतो. माझ्या मते बदल मारले ते सेशननं. रील एकट्याची होती. एका फिडलवर किंवा पाइपवर (पिशवीतल्या हवेनं वाजणाऱ्या वाद्यावर) स्वयंपाकघरात चार जोडपी नाचायची. एकटा असला की माणूस मोकळा. दहा जण एकत्र वाजवू लागले की सगळ्यात सोपा पाठ जिंकतो. धागाकर्त्याचं झालं ते हेच. आपल्याकडे भजनी मंडळात कोणी मध्येच तान घेतली तर टाळकरी डोळे वटारतात तसं.

शॅनन_किनारा

अर्धं मान्य. स्वयंपाकघरातले नाच आधी कायद्यानं मारले. 1935 चा डान्स हॉल कायदा आला, सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, आणि पाद्री-पोलिसांनी त्याच्या नावाखाली घरातले नाचही बंद पाडले. नाच हॉलमध्ये गेला, हॉल भरायला मोठा आवाज हवा, म्हणून 'केली' बँड, म्हणजे नाचासाठी वाजवणारे ताफे. पबातलं सेशन हे तर दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला गेलेल्या बांधकाम मजुरांनी घडवलं, परक्या शहरात जमायला जागा म्हणून.

पण दहा जण एकच वाजवतात हे तुम्ही बाहेरून ऐकताय. आत बसा. माझी लेक रोल घालते तिथे तिचा मास्तर तिकड मारतो, आणि बासरीवाला श्वासासाठी स्वर गाळतो. तीन वेगळे पाठ एकाच वेळी वाजत असतात, कोणालाही टोचत नाही. टोचतं कधी? सांधा बदलला तर. भाग जिथे वळतो आणि जिथे बसतो, त्या जागा सगळ्यांच्या सारख्या लागतात. धागाकर्त्याच्या पाठात दुसऱ्या भागाचा शेवटच वेगळा होता ना? मग लोक गळणारच.

शिवाय टॉमी पॉट्स ऐका. डब्लिनचा अग्निशामक दलातला माणूस. 1972 ची त्याची तबकडी 'द लिफी बँक्स'. तो बारांची लांबीसुद्धा ताणतो, ओळखीची रील अनोळखी करतो. आजही अर्धे लोक त्याला संत मानतात, अर्धे म्हणतात याच्यावर नाचून दाखवा.

बारा_मात्रा

पॉट्स ऐकला. नाचून बघितलं. पडलो. वडे?

शॅनन_किनारा

पडल्याबद्दल अर्धा.

कोमल_निषाद

'सांधा' हा शब्द बरोबर लागला. बंदिशीतही मुखडा आणि समेची जागा हलवली तर तबलजी मान वर करतो. मध्ये काय केलंस ते तुझं तू. धागाकर्त्या, तुमच्या नोटेशनमधला शेवट नीट तपासा. कुठल्या पाठाचा आहे?

चौथी_तार

तपासला. लाज वाटते सांगायला. मी पहिला भाग एका पानावरून घेतला होता आणि दुसरा दुसऱ्या. हे नोटेशन साध्या अक्षरांत लिहितात, ए पासून जी पर्यंत, नव्वदीच्या सुरुवातीला ख्रिस वॉलशॉनं बसवलेली एबीसी लिपी. त्यामुळे कॉपी-पेस्ट फार सोपं. मी अर्धा लॉर्ड आणि अर्धी विजार शिवून टाकली होती!

खवचट_खारूताई

आईनं बटणं लावली का?

चौथी_तार

(आठ दिवसांनी)

काल परत गेलो. लवकर गेलो, आजीबाई एकट्याच होत्या, राळ लावत बसलेल्या. सरळ सांगितलं की मी दोन पाठ जोडले होते. खो खो हसल्या. म्हणाल्या, "मग आता माझी घे." फोनवर मुद्रित करू का विचारलं. हो म्हणाल्या, पण "ते तुझ्यासाठी, कुठे टाकायचं नाही." म्हणून इथे देत नाही, मागू नका.

चार वेळा वाजवली. रात्री घरी बसून मी एकेक आवर्तन उतरवलं. पहिल्यात पहिल्या भागाच्या तिसऱ्या बारला रोल. दुसऱ्यात तिथेच तिकड. तिसऱ्यात काहीच नाही, मोकळा लांब स्वर, आणि त्या मोकळ्या स्वरावर गज जरा दाबलेला, तो मला सगळ्यात आवडला. चौथ्यात त्या खालच्या सप्तकात उतरल्या, अख्खी ओळ. शेवट मात्र चारही वेळा हुबेहूब. शॅनन_किनारा ताई, सांधा!

मी धिटाई करून विचारलं, "यातली तुमच्याकडची कुठली?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "मी एकच वाजवली की," म्हणाल्या.

मग बाकीचे आले. त्यांनी मला मानेनं खूण केली, सुरू कर. त्यांचा शेवट लावला, आत मला येते तशी. दुसऱ्या भागात एका जागी हात सवयीनं घसरला आणि बारीकशी मींड गेलीच. चहात मीठवाल्या पोरीनं परत पाहिलं. पण या वेळी कोणी थांबलं नाही.

कोमल_निषाद

ती मींड कुठल्या स्वरावर गेली?

चौथी_तार

ग वरून रे वर, ताई. सरांची यमनातली.

कोमल_निषाद

मग राहू दे ती.